लिंकनचे वकील, लिंकनचे छापखानेवाले

दिवस पहिला : शिकागो

आमच्या शाळेच्या जिन्याजवळ लिंकनचं ‘हेडमास्तरांना पत्र’ काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं होतं. मुलं येता-जाता त्या काचेत बघून भांग नीट करायची. तुमच्याही शाळेत असणारच. माझा धाकटा भाऊ पुढे एका दैनिकात उपसंपादक झाला आणि दर शिक्षकदिनाच्या पुरवणीत ते पत्र त्याच्याच हातून जायचं. लिंकनच्या संग्रहित लिखाणात असलं पत्रच नाही हे त्याला कळलं, तोवर तो नोकरी सोडून अमेरिकेत येऊन कॉम्प्युटरमध्ये शिरला होता. ऑक्टोबरात मी त्याच्याकडे नेपरव्हिलला गेले, तेव्हा विमानतळावरच म्हणाला, “ताई, नायगारा नंतर. आधी खरा लिंकन बघू. तुझ्या वकिलांनी आणि माझ्या पत्रकारांनी मिळून त्याला उभा केलाय.”

मी तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढलेली बाई. वकील कुणाला उभं करतात आणि कुणाला आडवं, हे मला माहीत आहे. नायगारा मात्र राहिलाच. त्याचा राग अजून आहे.

सुरुवात लेक स्ट्रीट आणि वॅकर ड्राइव्हच्या कोपऱ्यावरून. १८६० च्या मे महिन्यात इथे ‘विगवाम’ नावाचा प्रचंड लाकडी मांडव होता आणि त्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. आता काचेच्या इमारती, हातात कॉफी घेऊन पळणारी माणसं आणि लेक स्ट्रीटवर डोक्यावरून खडखडत जाणारी लोकल. पाटी शोधायला दहा मिनिटं लागली.

उमेदवार लिंकन स्वतः आलाच नव्हता. तो स्प्रिंगफील्डला घरी होता. इथल्या ट्रेमाँट हाउस हॉटेलात तळ ठोकून होता न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस. ज्याच्या कोर्टात लिंकनने वर्षानुवर्षं दावे चालवले तोच. सोबतीला लिओनार्ड स्वेट, वॉर्ड हिल लॅमन ही फिरत्या कोर्टातली वकील मंडळी. वर्तमानपत्रवालेही होतेच. स्प्रिंगफील्डच्या ‘जर्नल’चा संपादक एडवर्ड बेकर लिंकनचा निरोप घेऊन आला, तो एका वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने खरडलेला : माझ्यावर बंधनकारक होतील असे कोणतेही करार करू नका. त्यावर, “लिंकन इथे नाही, आम्हाला काय काय निस्तरायचंय ते त्याला काय ठाऊक,” असं डेव्हिस म्हणाल्याची आठवण सांगतात. पुढे मंत्रिमंडळात पेनसिल्व्हेनियाचा कॅमेरॉन आणि इंडियानाचा स्मिथ ही नावं आली, ज्यांच्या राज्यांची मतं इथे लिंकनकडे वळली होती; त्यावरून काय समजायचं ते समजा. अशिलाने लेखी सूचना द्यावी आणि वकिलाने ती खिशात घालून तडजोड करून यावी, हे मी आमच्या बाररूममध्ये इतक्यांदा पाहिलंय की मला त्या पाटीसमोर उभ्याउभ्या हसू फुटलं.

“आता माझी बाजू,” धाकटा म्हणाला. ‘शिकागो ट्रिब्यून’चा जोसेफ मेडिल. तिसऱ्या फेरीत लिंकनला २३१½ मतं होती आणि हवी होती २३३. मेडिल ओहायोच्या प्रतिनिधींमध्ये जाऊन बसला होता. त्यांच्या कार्टरने उठून चार मतं फिरवल्याचं जाहीर केलं आणि मांडव डोक्यावर आला. कार्टरच्या कानाशी आपणच लागलो होतो, असं मेडिल आयुष्यभर सांगायचा. संपादकांना श्रेय घ्यायची सवय असते, एवढंच मी बोलले.

संध्याकाळी ट्रिब्यून टॉवर बाहेरून पाहिला. मेडिलच्या नातवाने १९२५ साली पुरा केलेला. भिंतीत जगभरच्या इमारतींचे तुकडे बसवलेत, ताजमहालाचासुद्धा. वर्तमानपत्र आता तिथे नाही; फ्लॅट झालेत. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही.

दिवस दुसरा : ऑटावा

दोन्हीकडे वाळलेला मका. कापणीची यंत्रं धुरळा उडवत होती. शिकागोपासून दीडेक तासावर ऑटावा.

गावाच्या मधोमध वॉशिंग्टन स्क्वेअर. २१ ऑगस्ट १८५८ ला लिंकन आणि सिनेटच्या निवडणुकीतला त्याचा प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांच्या सात जाहीर वादांपैकी पहिला इथे झाला. आता दोघांचे पुतळे पाण्याच्या कुंडात उभे आहेत, एक लांबोडका, एक बुटका. एकाने तासभर बोलायचं, दुसऱ्याने दीड तास, मग पहिल्याने पुन्हा अर्धा तास. ऑगस्टच्या उन्हात माणसं उभी राहून तीन तास ऐकत होती. विषय गुलामगिरीचा. (याच लढ्याची बातमी पुण्यापर्यंत पोचली होती. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या माणसांना अर्पण केली, ती गुलामांच्या सुटकेसाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दल.)

इथून पुढचा तास धाकट्याचा होता. ट्रिब्यूनने रॉबर्ट हिट नावाचा तरुण लघुलेखक नेमला होता. तो शब्द न् शब्द टिपायचा, मजकूर रेल्वेने शिकागोला जायचा, तिथे खिळे जुळायचे. डग्लसच्या बाजूच्या ‘शिकागो टाइम्स’ने आपले लघुलेखक वेगळे ठेवले होते. गंमत अशी, की ट्रिब्यूनमध्ये लिंकन घडाघडा बोलतो आणि टाइम्समध्ये तोच लिंकन अडखळतो, व्याकरणात घसरतो. डग्लसचं उलट. दोन्ही कागद एकमेकांवर मजकूर बिघडवल्याचा आरोप करत होते. ऑटावाचं भाषण संपल्यावर लोकांनी लिंकनला खांद्यावर उचललं, एवढं दोघांनाही मान्य. एका बाजूच्या लेखी ती विजयाची मिरवणूक, तर डग्लसने पुढे टोमणा मारला, की त्याचे गुडघेच लटपटत होते म्हणून उचलून न्यावं लागलं.

“तुमच्याकडे साक्षीदार फितूर होतात,” धाकटा म्हणाला, “आमच्याकडे सगळा डेस्क.”

लिंकन हे ओळखून होता. फ्रीपोर्टच्या दुसऱ्या वादाच्या वेळी हिट गर्दीत मागे अडकला, तेव्हा लिंकन बोलायला सुरुवातच करेना. शेवटी हिटला लोकांनी डोक्यांवरून उचलून मंचावर पोचवलं, असं सांगतात. वाद संपल्यावर लिंकनने दोन्हीकडची कात्रणं जमवून वहीत चिकटवली : आपली भाषणं ट्रिब्यूनमधून, डग्लसची टाइम्समधून. म्हणजे कुणाची तक्रार नको! ती वही ओहायोच्या एका प्रकाशकाने १८६० साली पुस्तक म्हणून छापली. सिनेटची निवडणूक तो हरला होता. हरलेल्या दाव्याची कागदपत्रं इतकी नीट लावून ठेवणारा वकील मी तरी पाहिलेला नाही.

रात्री ब्लूमिंग्टनला पोचलो. एका मोटेलने आमचं बुकिंग पुढच्या महिन्याच्या तारखेला टाकलेलं निघालं. तासभर हुज्जत घातल्यावर खोली मिळाली. एकच, एकाच पलंगाची. धाकटा कार्पेटवर झोपला आणि रात्रभर कण्हत राहिला.

दिवस तिसरा : ब्लूमिंग्टन

सकाळी कळलं, की माझा वाचायचा चष्मा ऑटावाच्या बाकावर राहिला. पुढचे चार दिवस मला प्रत्येक फलक धाकट्याने मोठ्याने वाचून दाखवला. याचा उल्लेख पुढे यायचाय.

न्या. डेव्हिसांची हवेली आम्ही आधी पाहिली. पिवळ्या विटांची, छत्तीस खोल्यांची, १८७२ ची. म्हणजे लिंकन इथे कधी आला नाही. त्याच्या वेळचं घर वेगळं होतं. डेव्हिस दीडशे किलोच्या घरातला माणूस. दर वसंतात आणि दर शरदात इलिनॉयच्या आठव्या सर्किटचं कोर्ट गावोगाव फिरायचं. न्यायाधीश, वकील, सगळे घोड्यांवर नाहीतर बग्गीत, एकेका फेरीला दोन-अडीच महिने. खाणावळीत वकील एका पलंगावर दोघं-दोघं झोपत. डेव्हिसशेजारी झोपायची कुणाची प्राज्ञा नव्हती. धाकटा लगेच म्हणाला, “मी काल रात्री सर्किटवर होतो.”

डेव्हिसची बायकोला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. चिखल, पाऊस, भिकार जेवण, अंथरुणातले ढेकूण. आणि याच सगळ्यात लिंकन सुखी असायचा. इतर वकील शनिवार-रविवार घरी पळत, हा मात्र सर्किटवरच मुक्काम ठोकायचा. रात्री शेकोटीपाशी या मंडळींचं एक लुटुपुटीचं न्यायालय भरायचं. लॅमनने लिहून ठेवलंय, की एका प्रकरणात त्याने अडीचशे डॉलर फी ठरवली, तर लिंकनने निम्मी परत करायला लावली. मग डेव्हिसच चिडला, तू कमी पैसे घेऊन साऱ्या बारला भिकेला लावशील म्हणून. आणि त्या रात्रीच्या न्यायालयात लिंकनला दंड झाला.

हाच लॅमन एकदा कोर्टाबाहेर कुस्ती खेळला आणि त्याची विजार मागून उसवली. तसाच तो आत येऊन ज्युरीसमोर उभा राहिला. वकिलांनी नवी विजार घेऊन द्यायला वर्गणीचा कागद फिरवला. लिंकनने त्यावर लिहिलं : डोळ्यांसमोर असलेल्या ‘एंड’ला मी काही देऊ शकत नाही. इंग्रजीत ‘एंड’ म्हणजे उद्दिष्ट, आणि ‘एंड’ म्हणजे माणसाची मागची बाजूही. आमच्या बाररूममध्ये हा विनोद वर्षभर तरी चालला असता.

दुपारी मेजर्स हॉलची जागा. हॉल आता नाही. २९ मे १८५६ ला इथे इलिनॉयच्या रिपब्लिकन पक्षाची बांधणी झाली आणि शेवटी लिंकन बोलायला उभा राहिला. समोर वार्ताहरांची रांग होती, मेडिलही होता. भाषण इतकं रंगलं, की कुणी ते उतरवूनच घेतलं नाही. वकिलीतला भागीदार हर्नडन म्हणतो, पंधरा मिनिटं मी टिपणं घेतली आणि मग लेखणी, कागद फेकून दिले. ‘हरवलेलं भाषण’ हेच त्याचं नाव पडलं. चाळीस वर्षांनी सर्किटवरच्याच हेन्री व्हिटनी नावाच्या वकिलाने ते आठवणीतून लिहून छापलं. फार थोड्यांनी त्यावर भरवसा ठेवला.

धाकट्याला ही कथाच मान्य नाही. “चाळीस बातमीदार एकाच वेळी भारावून जात नाहीत. एखादा तरी डेडलाइनला घाबरतोच.” आकडा त्याचाच. त्याचं म्हणणं असं, की भाषण गुलामगिरीविरुद्ध इतकं जहाल असणार, की छापून आलं तर दक्षिण इलिनॉयची मतं गेली असती, म्हणून मित्रांनीच गिळलं. काही इतिहासकारांनाही ही शंका आहे. मी म्हटलं, पुरावा? तो म्हणाला, पुरावा नसणं हाच. असल्या युक्तिवादावर आमचे साहेब चष्म्यावरून बघायचे.

ब्लूमिंग्टनचा जेसी फेल मात्र आम्हाला दोघांनाही वाटून घ्यावा लागला. तो वकीलही होता आणि इथल्या ‘पँटाग्राफ’ या वर्तमानपत्राची मुळंही त्याच्यापर्यंत जातात. लिंकनच्या मागे लागून १८५९ च्या डिसेंबरात त्याने आत्मचरित्राचं टिपण लिहून घेतलं. लिंकनने सोबत लिहिलं, की यात फारसं काही नाही, कारण माझ्यातच फारसं काही नसावं. फेलने ते पेनसिल्व्हेनियातल्या मित्राला धाडलं आणि फेब्रुवारी १८६० मध्ये त्यावरून ‘चेस्टर काउंटी टाइम्स’मध्ये लेख आला. मग ट्रिब्यूनच्या जॉन स्क्रिप्सने प्रचारासाठी चरित्र लिहिलं. त्यात त्याने लिंकनने प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लूटार्क वाचल्याचं अंदाजाने ठोकून दिलं. लिंकनने म्हणे ताबडतोब प्लूटार्क मिळवून वाचून काढला आणि कळवलं, की आता ते विधान खरं आहे.

आणि डेव्हिस? १८६२ साली लिंकनने त्याला सर्वोच्च न्यायालयात बसवलं. बरीच वाट पाहायला लावून, स्वेटला खेटे घालायला लावून. यादवी युद्धाच्या काळात लिंकनच्या सरकारने साध्या नागरिकांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवले होते. लिंकन गेल्यावर वर्षभराने, १८६६ मध्ये, मिलिगन खटल्यात निकाल आला : मुलकी न्यायालयं चालू असताना हे बेकायदा आहे. निकालपत्र डेव्हिसचं. त्याच वेळी तो लिंकनच्या इस्टेटीची व्यवस्थाही बघत होता. हवेलीच्या जिन्यावर मी थोडी बसले. ज्याच्यामुळे खुर्ची मिळाली त्याच्याविरुद्ध खुर्चीवरून लिहायला काय लागतं, हे कोर्टातल्या माणसाला विचारा.

दिवस चौथा : लिंकन, माउंट पुलास्की

लिंकन नावाचं गाव, आणि तो अध्यक्ष व्हायच्या आधी त्याच्या नावाने वसलेलं हे एकच. १८५३ साली रेल्वेच्या भूखंडांची कागदपत्रं त्याने केली म्हणून त्याचं नाव दिलं. बारसं त्याने कलिंगडाच्या रसाने केलं. स्टेशनजवळ कलिंगडाच्या फोडीचं शिल्प आहे. फोटो काढला, निघालो.

माउंट पुलास्कीचं कोर्ट मात्र मला सोडवेना. चौकाच्या मधोमध १८४८ ची दुमजली विटांची इमारत. जुन्या सर्किटची जी दोन कोर्टं जागेवर उभी आहेत, त्यातलं एक. खाली कचेऱ्या, वर कोर्ट. लाकडी जिन्याची पायरी करकरली आणि एकदम मला माझं पहिलं तालुका कोर्ट आठवलं. तोच मधला कठडा, तीच उंचावरची खुर्ची. फक्त पंखा नाही आणि पिंजऱ्यातला आरोपी नाही. इथे जिंकणारा आणि हरणारा वकील संध्याकाळी एकाच टेबलावर जेवत. आणि त्यातूनच पुढे एकाने दुसऱ्यासाठी शिकागोत रात्री जागवल्या.

डिकेटरला वळायचं होतं. उशीर झाला, राहिलं. २२ फेब्रुवारी १८५६ ला तिथे गुलामगिरीच्या प्रसाराविरुद्धच्या संपादकांची बैठक भरली होती आणि संपादक नसून आत बसलेला एकटा माणूस लिंकन होता. धाकटा स्प्रिंगफील्ड येईपर्यंत हेच घोकत होता.

दिवस पाचवा : स्प्रिंगफील्ड

सहाव्या रस्त्याच्या आणि ॲडम्सच्या कोपऱ्यावर लिंकन-हर्नडन वकिली कार्यालय. धाकटा प्रत्येक फलक खड्या आवाजात वाचत होता. तिसऱ्या फलकापाशी मी म्हटलं, हळू वाच रे. पुढचा मजकूर असा : लिंकन सकाळी कार्यालयात येऊन सोफ्यावर पसरायचा, एक पाय खुर्चीवर टाकायचा आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा. हर्नडन वैतागून जाई. कारण विचारलं तर लिंकन म्हणे, मोठ्याने वाचलं की डोळा आणि कान दोन्हीकडून आत जातं. धाकटा थांबला, माझ्याकडे बघितलं आणि आणखी मोठ्याने वाचायला लागला.

कार्यालयाच्या गबाळेपणाचे किस्से हर्नडनमुळेच आपल्यापर्यंत आले. खोली झाडताना एका ज्युनिअरला कोपऱ्यातल्या मातीत बी उगवलेलं सापडलं. एका गठ्ठ्यावर लिंकनच्या अक्षरात चिठ्ठी : दुसरीकडे कुठेच सापडलं नाही तर यात बघावं. माझ्या कपाटात असा गठ्ठा आहे, फक्त चिठ्ठी नाही.

इथल्या छापखान्यांशी त्याचं नातं मात्र इतकं गोड नव्हतं. सिमियन फ्रान्सिसच्या ‘सँगॅमो जर्नल’मध्ये तो तरुणपणापासून टोपणनावाने लिहायचा. १८४२ साली ‘रेबेका’ नावाच्या खेडवळ बाईच्या पत्रात त्याने राज्याचा हिशेबतपासनीस जेम्स शील्ड्स याची यथेच्छ टिंगल केली. पुढच्या पत्रात त्याची भावी बायको मेरी टॉडचाही हात होता. शील्ड्सने संपादकाला नाव विचारलं. संपादकाने सांगितलं ते लिंकनचं! द्वंद्वाचं आव्हान आलं. हत्यार निवडायचा हक्क लिंकनचा. त्याने घोडदळाच्या मोठ्या तलवारी निवडल्या, कारण हात त्याचे लांब. २२ सप्टेंबरला आल्टनसमोरच्या बेटावर दोघे पोचले आणि मित्रांच्या मध्यस्थीने मिटलं. हा विषय लिंकनला पुढे कधी आवडला नाही. अब्रुनुकसानीच्या दाव्यांत मी हेच सांगत आले : लिहिणारा हसतो तेव्हा एकदा, निस्तरतो बरेच दिवस.

१८५९ साली त्याने चक्क एक छापखानाच घेतला, गुपचूप. थिओडोर कॅनिसियसचं जर्मन वृत्तपत्र ‘इलिनॉय श्टाट्स-अँझायगर’. करार वकिलाला शोभेल असा : खिळे आणि यंत्र लिंकनचं, चालवायचं कॅनिसियसने, आणि धोरण रिपब्लिकन पक्षाचंच, सोडलं तर मालक ताबा घेणार. जर्मन मतदार हवे होते, बस्स. निवडून आल्यावर छापखाना कॅनिसियसला परत, आणि पुढे त्याला व्हिएन्नात कॉन्सलची जागा. धाकट्याचा चेहरा उतरला. “हे आजही असंच चालतं,” एवढंच बोलला.

म्हणून मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली. जून १८६३ मध्ये जनरल बर्नसाइडने त्याच ‘शिकागो टाइम्स’ला टाळं लावलं. ज्याने लिंकनला अडखळवलं, शिव्या घातल्या, ते पत्र. शिकागोचा वकील आयझॅक आर्नल्ड आणि सिनेटर ट्रंबुल यांची तार आली आणि लिंकनने तीनच दिवसांत हुकूम मागे घेतला. वर्षभराने त्याने आर्नल्डला लिहिलं, की एकीकडे लष्कराची गरज, दुसरीकडे वृत्तपत्रस्वातंत्र्य, मी कात्रीत होतो. तुमच्या तारेने पारडं फिरवलं. धाकटा म्हणाला, “आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कची दोन पत्रं त्याने स्वतः बंद केली, ते?” तेही खरं. खोट्या जाहीरनाम्याला फसून त्यांनी तो छापला होता. थोड्याच दिवसांत त्यांना परवानगी मिळाली.

दिवस सहावा : स्प्रिंगफील्ड, न्यू सेलम, परत

ओक रिज स्मशानभूमीत लिंकनच्या समाधीसमोर ब्राँझचा चेहरा आहे. नशीब उजळावं म्हणून लोक नाकाला हात लावतात. नाक सोन्यासारखं चकाकतं. हर्नडनचीही कबर याच आवारात आहे, तिथे कुणी नव्हतं. वॉशिंग्टनला निघण्याआधी लिंकनने त्याला सांगितलं होतं, की पाटी तशीच राहू दे; जगलो तर परत येईन आणि काही झालंच नाही असं काम सुरू करू. खून झाल्यावर हर्नडन गावोगाव फिरून लिंकनला ओळखणाऱ्यांच्या जबान्या गोळा करत बसला. आपण ज्याला लिंकन म्हणतो तो बराचसा त्या जबान्यांतून आला. तो स्वतः मात्र हलाखीत गेला.

न्यू सेलम हे नव्याने बांधलेलं लाकडी खेडं. तरुण लिंकन इथे पोस्टमास्तर होता. गावात येणारी वर्तमानपत्रं मालकाच्या हाती पडण्याआधी तो वाचून घ्यायचा आणि पत्रं हॅटमध्ये ठेवून वाटायचा. पुढे वकील झाल्यावरही कागद हॅटमध्येच.

परतीच्या वाटेवर धाकट्याने फोनवर एका कागदाचा फोटो दाखवला. ११ फेब्रुवारी १८६१, स्प्रिंगफील्ड सोडताना लिंकन गाडीच्या डब्याच्या टोकाला उभा राहून पावसात चार शब्द बोलला. हेन्री व्हिलार्ड नावाचा वार्ताहर सोबत होता; त्याने लगेच म्हटलं, लिहून द्या. गाडी धावू लागली होती. लिंकनने पेन्सिलीने सुरुवात केली, हादऱ्यांनी अक्षर वाकडं व्हायला लागलं, तेव्हा सचिव निकोलेने कागद घेतला आणि लिंकन सांगत गेला. निकोले हा पूर्वी पिट्सफील्डच्या पत्राचा संपादक. माझा चष्मा नव्हता, तरी फोटोत दोन हातांची अक्षरं मला वेगळी दिसली.

मक्याच्या शेतांमध्ये ऊन उतरलं होतं. मी मांडीवर वही घेऊन हे लिहायला घेतलं आणि दोन ओळींत माझंही अक्षर फाटलं. धाकट्याने पुढच्या थांब्यावर गाडी बाजूला घेतली, “तू सांग ताई, मी लिहितो,” म्हणाला. सांगितलं. घरी येऊन पाहिलं तर त्याने माझी दोन वाक्यं कापली होती आणि एक मथळा बदलला होता.